मानवशास्त्राच्या वहीत आपली वस्ती: मुंबईतल्या संस्था, त्यांचं काम आणि समोर आलेली जनगणना

‘सर्व्हेवाले आलेत’ अशी हाक गल्लीत उठली की आपल्याकडे काही दारं अर्धी उघडतात आणि काही चटकन बंद होतात. त्यात नवल नाही. २०१९-२० मधले कागदपत्रांच्या काळजीचे दिवस अजून कुणी विसरलेलं नाही. घरात किती माणसं, मूळ गाव कोणतं, नळ आहे का, मुलगी कितवीपर्यंत शिकली, हे सगळं विचारून झाल्यावर त्या कागदाचं पुढे काय होतं, हे परत येऊन कुणी सांगत नाही. पण त्या कागदाचं पुढे खूप काही होतं. कधी त्यावरून पाणी येतं, कधी जातं. कधी नातवाच्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनचा निकाल आजोबांबद्दलच्या एका नोंदीवर लागतो. म्हणून या लेखात आम्ही मुंबईत, आणि विशेषतः अंधेरी-जोगेश्वरीपासून गोवंडीपर्यंतच्या उपनगरांत, हा अभ्यास कुणी केला, कसा केला आणि पुढे काय येऊ घातलं आहे, याची माहिती एकत्र देत आहोत.

या अभ्यासाचं नाव मानवशास्त्र. जुने लोक मानववंशशास्त्र म्हणत. माणसं कशी राहतात, नाती कशी जोडतात, लग्न-मयताचे रिवाज काय, पोट कशावर भरतं, याचा प्रत्यक्ष त्यांच्यात जाऊन केलेला अभ्यास. आणि तोच अभ्यास पाणी, आरोग्य, शाळा, दाखले अशा रोजच्या प्रश्नांसाठी वापरला की त्याला उपयोजित मानवशास्त्र म्हणतात. नाव जड आहे, काम आपल्या उंबऱ्यावरचं आहे.

१८८६ ची सोसायटी

मुंबईत या विषयाची संस्था फार लवकर निघाली. १८८६ मध्ये टायरेल लीथ यांच्या पुढाकाराने ‘अँथ्रोपॉलॉजिकल सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. सभासद जमायचे, निबंध वाचायचे, त्यावर चर्चा व्हायची आणि मग ते निबंध सोसायटीच्या जर्नलमध्ये छापले जायचे. सुरुवातीला साहेब लोकांचा भरणा होता, पण फार काळ नाही. पारशी विद्वान जीवनजी जमशेदजी मोदी यांनी या सोसायटीचं सेक्रेटरीपद वर्षानुवर्षं सांभाळलं आणि पारशांच्या चालीरीतींवर इतके निबंध वाचले की त्यांचे स्वतंत्र भाग निघाले. आपल्या समाजाबद्दल दुसऱ्याने लिहावं आणि आपण वाचावं, यापेक्षा आपणच लिहावं, हे त्या लहानशा समाजाने त्या काळात ओळखलं. १९४० च्या दशकात मुंबई विद्यापीठाचे प्रख्यात समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये या सोसायटीचे अध्यक्ष होते.

सरकारचं काम समांतर चाललं होतं. जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली मुंबई इलाख्याचं गॅझेटियर निघत होतं. आजची उपनगरं तेव्हा साष्टी, म्हणजे ठाणे जिल्ह्याचा भाग. त्यामुळे इथल्या जुन्या मुसलमान वस्तीची माहिती शोधायची तर १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये शोधावी लागते. पुढे १९२० ते १९२२ या काळात आर. ई. एन्थोवेन यांचे ‘ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ बॉम्बे’ हे तीन खंड आले. हे ग्रंथ आजही सरकारी कचेऱ्यांत आणि कोर्टात उघडले जातात. शंभर वर्षांपूर्वी एखाद्या कारकुनाने दोन ओळींत जे उरकलं, त्यावर आज एखाद्या पोराचं भविष्य अडतं.

पण आपल्यात लिहिणारे नव्हतेच, असं समजू नका. दख्खनच्या मुसलमानांच्या जन्मापासून मयतापर्यंतच्या रिवाजांवरचं ‘कानून-ए-इस्लाम’ हे पुस्तक १८३२ मध्ये लंडनला छापलं गेलं. त्यावर नाव हर्कलॉट्स या डॉक्टरांचं अनुवादक म्हणून असलं तरी मूळ मजकूर जाफर शरीफ यांचा, आणि तोही दख्खनीत लिहिलेला. मुंबई गॅझेटियरचा गुजरातच्या मुसलमानांवरचा मोठा भाग १८९९ मध्ये निघाला. तो खानबहादूर फजलुल्लाह लुत्फुल्लाह फरीदी यांनी लिहिला. बोहरा, खोजा, मेमन या ज्या बिरादऱ्या पुढे मुंबईच्या व्यापारात दिसल्या, त्यांचा अभ्यास करणारा आजही या भागाशिवाय पुढे जाऊ शकत नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई विद्यापीठाचे ए. आर. मोमिन यांनी भिवंडीच्या विणकर समाजाचा अभ्यास केला. इम्तियाज अहमद यांनी मुसलमानांतल्या जातींवर संपादित केलेला ग्रंथ १९७३ चा. ‘आपल्यात जात नाही’ असं आपण सहज म्हणतो. इस्लामच्या शिकवणीत ती नाहीच. पण बागवान, मन्यार, पिंजारी, कुरेशी, तांबोळी, शिकलगार, अत्तार हे शब्द आपल्याच घरात लग्नाच्या बोलणीत निघतात, हेही तितकंच खरं. आणि ओबीसीच्या यादीतही ते आहेत. याकडे पुढे येऊच.

उपनगरात आलेला अभ्यास

२०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांच्या वर होती आणि त्यात मुस्लिम सुमारे १९ टक्के. कोकणातून आलेले, घाटावरून आलेले, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले, असे सगळे. १९९२-९३ च्या दंगलीनंतर अनेक कुटुंबांनी घरं बदलली. जोगेश्वरी, कुर्ला, गोवंडी, मालवणी इथल्या वस्त्या दाटल्या आणि काही जण मुंब्र्याला गेले. हा बदल नुसत्या आकड्यांत पकडता येत नाही. कोण कुठून उठलं, का उठलं, मुलांची शाळा कुठे सुटली, हे विचारायला माणूस दारात बसावा लागतो.

अभ्यासाच्या मोठ्या संस्थाही उपनगरातच आहेत. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस १९३६ मध्ये सुरू झाली आणि १९५४ पासून देवनारला आहे. तिच्या फाटकापासून रिक्षाने गोवंडीचं शिवाजी नगर जवळ, पण दोन्हींतलं अंतर काही वेगळंच. महापालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात एम-पूर्व वॉर्ड सगळ्या मुंबईत शेवटच्या नंबरवर आला. त्यानंतर २०११ मध्ये, आपल्या पंचाहत्तरीच्या सुमारास, टाटा संस्थेने एम वॉर्डचा मोठा प्रकल्प हाती घेतला आणि विद्यार्थी घरोघरी फिरले. याच संस्थेतल्या कुदसिया कॉन्ट्रॅक्टर यांनी शिवाजी नगरवर लिहिलेला लेख २०१२ मध्ये भारतातल्या शहरांतील मुसलमानांवरच्या एका ग्रंथात आला. ‘मुस्लिम झोपडपट्टी’ ही आपोआप होत नाही, ती घडवली जाते, असा त्याचा रोख आहे.

शिवाजी नगर-बैंगनवाडीबद्दल आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण तिथल्याच नव्या पिढीला ती ठाऊक नसते. लिसा ब्योर्कमन या अभ्यासक बाईंनी पाण्याच्या पाइपांचा माग काढत तिथे काम केलं आणि २०१५ मध्ये ‘पाइप पॉलिटिक्स’ हे पुस्तक लिहिलं. त्यात दिसतं ते असं: ही वस्ती कुणी रातोरात घुसून बांधलेली नाही. १९७० च्या दशकात महापालिकेनेच आखून, दुसरीकडून उठवलेल्या लोकांना तिथे वसवलं. पुढच्या काही दशकांत तीच वसाहत सरकारी बोलण्यात ‘झोपडपट्टी’ झाली. लोक तेच, गल्ल्या त्याच, नाव बदललं आणि नावाबरोबर हक्काची भाषाही बदलली. ज्यांच्या घरात त्या काळची वाटपाची पावती जपून ठेवलेली असेल, त्यांनी ती लॅमिनेट न करता, फाइलमध्ये नीट ठेवावी. (लॅमिनेशनने जुना कागद खराब होतो आणि तपासणीलाही अडचण येते.)

जोगेश्वरीचं पाणी

उपयोजित मानवशास्त्र म्हणजे काय, हे समजून घ्यायला जोगेश्वरी पूर्वइतकं चांगलं उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. निखिल आनंद या मानवशास्त्रज्ञाने तिथल्या वस्त्यांत राहून, फिरून, पालिकेच्या इंजिनिअरांबरोबर बसून मुंबईच्या पाण्याचा अभ्यास केला. मुंबईत पाणी दिवसभर नसतं, ठरलेल्या वेळी ठरलेल्या भागात सोडलं जातं, हे आपण सगळे जाणतो. आनंद यांनी त्या वेळेचा, व्हॉल्व्हचा, चावीवाल्याचा, नगरसेवकाच्या फोनचा हिशोब मांडला. त्यांच्या २०११ च्या एका निबंधाचं नावच ‘प्रेशर’ आहे. पाइपातला दाब आणि साहेबांवर टाकलेला दबाव, दोन्ही एकाच शब्दात. नळाला धार हवी तर दोन्ही लागतात, हे आपल्या बायकांना कुठल्याही पुस्तकाशिवाय माहीत आहे.

२०१२ च्या दुसऱ्या निबंधात त्यांनी प्रेमनगरबद्दल लिहिलं. तिथले मुस्लिम रहिवासी पालिकेच्या पाण्यापासून कधीच वंचित होते असं नाही. त्यांचा हक्क होता, जोडण्या होत्या. पण इंजिनिअरांनी करायची ती कामं केली नाहीत आणि लोक हळूहळू कमी दर्जाच्या पाण्याकडे ढकलले गेले. कुणी लेखी नकार दिला नाही, कुणी शिवी दिली नाही. नुसतं काम केलं नाही. भेदभाव हा असा, दिसत नाही म्हणून सिद्ध करता येत नाही. तो सिद्ध करायला दिवसामागून दिवस टिपणं ठेवणारा माणूस लागतो. आनंद यांचं ‘हायड्रॉलिक सिटी’ हे पुस्तक २०१७ मध्ये आलं.

आम्हाला यातला सर्वांत महत्त्वाचा भाग पुस्तकाच्या आधीचा वाटतो. २००८ मध्ये आकांक्षा सेवा संघ आणि आगाज या स्थानिक गटांतल्या तरुणांनी, निखिल आनंद आणि कॅम्प या कलाकार गटाच्या साथीने, स्वतः कॅमेरे हातात घेतले आणि आपल्या वस्त्यांतल्या पाण्यावर ‘एक डझन पानी’ हा चित्रपट केला. बारा गोष्टी, सगळ्या पाण्याच्या. ज्यांच्याबद्दल रिपोर्ट लिहिले जातात, तीच मुलं-मुली इथे प्रश्न विचारत होती, काय दाखवायचं ते ठरवत होती.

हाच विचार पुकार या संस्थेने शहरभर नेला. मुंबईत वाढलेले मानवशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी ती या शतकाच्या सुरुवातीला उभी केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की संशोधन ही पीएचडीवाल्यांची मक्तेदारी नाही. आपल्याला काय माहीत नाही आणि ते कसं शोधायचं, हे कळणं हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे. २००५ पासून पुकारने युवा फेलोशिप चालवली. तरुणांचा एक गट, एक वर्ष, विषय त्यांनी निवडायचा, मुलाखती त्यांनी घ्यायच्या, मांडणी शेवटी लोकांसमोर करायची. इंग्रजीची सक्ती नाही, मराठी-हिंदी चालते. पुकारच्या ‘बेअरफूट’, म्हणजे वस्तीतल्याच, संशोधकांनी पूर्व किनाऱ्यावरच्या कौला बंदर वस्तीत आरोग्य आणि पाण्याचा अभ्यास केला. ही वस्ती अधिसूचित नसल्यामुळे तिथले लोक पालिकेच्या दरापेक्षा कित्येक पट पैसे मोजून पाणी विकत घेत होते. ते निष्कर्ष २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये छापून आले. पुढे डिसेंबर २०१४ मध्ये, पाणी हक्क समितीच्या याचिकेवर, मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की वस्ती बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही.

दाखला, १९६७ आणि आजोबांची शाळा

आता घरातली गोष्ट. आमच्या परिचयातल्या अंधेरीच्या एका कुटुंबात मुलाला बारावीनंतर ओबीसीचा दाखला हवा होता. बिरादरी यादीत आहे, नात्यातल्या दोघांकडे दाखलेही आहेत. पण महाराष्ट्रात ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला निघाला, सातारा जिल्ह्यातल्या गावच्या शाळेतला. जातीच्या रकान्यात एकच शब्द: ‘मुसलमान’. मास्तरांनी विचारलं नाही आणि पणजोबांनी सांगितलं नाही. कचेरीत तीन चकरा झाल्या, तिसऱ्या वेळी खिडकीवरच्या साहेबांनी फाइल न उघडताच परत केली. शेवटी आजोबांच्या चुलतभावाच्या जन्माची गावची जुनी नोंद सापडली, त्यात धंद्यासकट बिरादरी लिहिलेली होती. तोवर त्या वर्षीची ॲडमिशनची फेरी संपली होती.

अशी उदाहरणं आपल्या वाचकांना नवी नाहीत. पण याच्या मागे मानवशास्त्र कसं उभं आहे, ते फार जणांना माहीत नसतं. १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जात पडताळणीची पद्धत घालून दिली. समितीत संशोधन अधिकारी असावा, दक्षता पथकाने अर्जदाराच्या गावी जाऊन चौकशी करावी, आणि अनुसूचित जमातीच्या दाव्यात त्या समाजाचे रिवाज, लग्नाची पद्धत, मयताचे विधी वगैरे जुळतात का ते पाहावं. यालाच आप्तभाव चाचणी म्हणतात. जळगावकडच्या तडवी भिल्ल बांधवांना, जे मुस्लिमही आहेत आणि आदिवासीही, ही चाचणी चांगली ओळखीची आहे. शहरात वाढलेल्या मुलाला आजीच्या काळातले विधी विचारले तर तो काय सांगणार? २०२३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच प्रकरणात स्पष्ट केलं की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे. जुना, स्वातंत्र्यपूर्व कागद असेल तर त्याचं वजन मोठं. हा निकाल दिलासा देणारा आहे, पण तो कागदाचीच किंमत वाढवतो.

पुढे काय

पुढचं सर्वांत मोठं काम कुठल्या सोसायटीचं नाही, सरकारचं आहे. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार पुढची जनगणना २०२७ ची असेल. घरांची यादी २०२६ मध्ये, माणसांची मोजणी बहुतेक देशभर फेब्रुवारी २०२७ मध्ये आणि संदर्भ दिवस १ मार्च २०२७. १९३१ नंतर पहिल्यांदाच देशाच्या नियमित जनगणनेत सगळ्यांची जात नोंदवली जाणार आहे. २०११ मध्ये वेगळी सामाजिक-आर्थिक पाहणी झाली होती, तिचे जातीचे आकडे प्रसिद्धच झाले नाहीत.

प्रगणक दारात उभा राहील तेव्हा घरातल्या माणसाने काय सांगायचं, हे त्या क्षणी ठरवू नये. एक भाऊ ‘शेख’ सांगेल, दुसरा ‘मुसलमान’, तिसरा बिरादरीचं नाव, तर एकाच घराची तीन घरं होतील. ‘शेख’ हे आडनाव आहे, अनेक बिरादऱ्या ते लावतात. जातीचं नाव सांगणं दीनाला धरून आहे का, हा प्रश्न काही वडीलधारी माणसं मनापासून विचारतात आणि त्याचा आदर ठेवूनच आम्ही म्हणतो की इथे प्रश्न उच्च-नीचतेचा नसून नोंदीचा आहे. शेवटी निर्णय ज्याच्या त्याच्या घराचा. मात्र तो माहिती घेऊन झालेला असावा, घाईत नाही.

जनगणनेवाला सोडून दुसरं कुणी, म्हणजे संस्था, कॉलेजची मुलं, कंपनीचे लोक, सर्व्हेला आले तर घाबरून दार लावण्यापेक्षा त्यांना आपणही चार प्रश्न विचारावेत. तुम्ही कुठून आलात आणि ओळखपत्र आहे का? ही माहिती कशासाठी? आमचं नाव छापणार का? अहवालाची प्रत वस्तीला कधी मिळेल, आणि मराठी-उर्दूत मिळेल का? नकार द्यायचा हक्क आपल्याला आहे, मधूनच थांबायचाही आहे. चांगला अभ्यासक या प्रश्नांनी चिडत नाही. चिडला तर समजून जावं.

आमच्या वाचकांपैकी काही जण विचारतात की आपल्या भागात असा गट सुरू करता येईल का. येईल. जोगेश्वरीच्या मुलांनी मोठं ऑफिस घेऊन सुरुवात केली नव्हती. कुर्ला, मालवणी, घाटकोपर किंवा मुलुंड, जिथे आपली दहा-पंधरा घरं एकमेकांना ओळखतात तिथे एका विषयापासून सुरू करावं: पाण्याची वेळ महिनाभर रोज लिहून ठेवणं, किंवा शाळा सोडलेल्या मुलींची कारणं त्यांच्याच शब्दांत टिपणं. तारीख, वेळ, कोण बोललं, परवानगी घेतली का, एवढं लिहिलं तरी ते काम वॉर्ड ऑफिसात टेबलावर ठेवण्याजोगं होतं.

आणि घरापुरतं करायचं तर वंशावळ. एक मोठा कागद, वर पणजोबा, खाली फांद्या. प्रत्येकाच्या नावासमोर जन्माचं गाव, धंदा, शाळा, निकाह कुठे झाला आणि काझींच्या रजिस्टरात नोंद आहे का. गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणि जुन्या जन्म-मृत्यू नोंदींची नक्कल मागायला सुट्टीत गावी गेल्यावर एक दिवस राखून ठेवावा, जेवणाच्या दावतीआधी. कोकणी कुटुंबांनी बोलीतले शब्द आणि लग्नात बायका म्हणतात ती गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्यावीत. घाटावरच्यांनी उरुसातली आपल्या घराकडे असलेली मानाची कामं लिहून ठेवावीत, कारण धंदा आणि मान यांची नोंद पुढे पुरावा म्हणूनही उपयोगी पडते. नानी-दादी दुपारी जरा मोकळ्या असतात. एकदम सगळं विचारू नये. आज फक्त त्यांच्या अम्मीचं माहेर विचारावं, बाकीचं पुढच्या जुम्म्याला.